बोळा लावलेलं ओगराळं

इवाझोचा यात काय फायदा होता, ते आधी मांडते.

आमच्याकडे भुताची गोष्ट सांगताना लोक भुतापासून सुरुवात करतात, आणि माणसाचा हिशेब तसाच राहून जातो.

तर फायदा असा. तोबिनोउरा हे आमचं गाव, आणि त्याच्या समुद्रात शिरलेल्या टोकाखाली जाळं लावायची एक जागा आहे. थंडीत मोठ्या माशांचा थवा आधी तिथं वळतो, उरलासुरला मग बाकीच्यांच्या नशिबी. ती जागा कुणाच्या बापाची नाही. वसंतात एबिसूसामाच्या देवळात चिठ्ठ्या काढतात, ज्याची निघेल त्याची. त्या वर्षी पहिली चिठ्ठी योहेईची निघाली. दुसरी इवाझोची.

योहेईला मूलबाळ नव्हतं. म्हणजे योहेई नसेल तर जागा सरळ इवाझोकडे. मागायलाही नको. आणि हाताला डाग नाही. डाग सोडाच, वर शाबासकी!

एवढं सगळं पदरात पडायचं, आणि त्यासाठी करायचं काय? तर आमच्या गावात सगळे बापजाद्यांपासून जे करत आले, तेच.

योहेईची बायको शिगे ही माझी सख्खी मावशी. हे सगळं मी तिच्या तोंडून ऐकलं, आणि शेवटचं जे आहे ते माझ्या कानांनी ऐकलं. यातलं काहीही माझ्या पदरचं नाही. पटलं नाही तर सोडून द्या. पण मग ऑगस्टात, धुकं असताना, आमच्या धक्क्यावर जाऊन एकटे उभे राहू नका. एवढं ऐका.

तारीख ऑगस्टची तेरा. लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. बोनचा पहिला दिवस, म्हणजे पितर घरी येतात तो.

भुतं रात्री येतात म्हणे.

ही गोष्ट सकाळी घडली. पांढऱ्याफटक सकाळी. धुकं असं, की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत.

त्या दिवशी दुपारच्या आत सगळ्या होड्या धक्क्याला लागायला हव्यात. त्यानंतर पितरांना निरोप देईपर्यंत समुद्र बंद. कारण ज्यांची प्रेतं मिळाली नाहीत, त्यांना यायला घर नसतं. ते पाण्यावरच फिरतात. धुक्यात होडीजवळ येतात, आणि एकच वस्तू मागतात.

ओगराळं.

लांब दांड्याचं, लाकडी. होडीतलं पाणी उपसायचं.

दिलंत, तर त्यानंच तुमच्या होडीत समुद्र भरतात. नाही दिलंत, तर रागावून बुडवतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक होडीत एक बिनबुडाचं ओगराळं असतं, एबिसूसामाच्या पायाशी ठेवून आणलेलं. आवाज आला की ते फेकायचं, तोंड फिरवायचं आणि निघायचं. मागे बघायचं नाही. बसू दे भुताला उपसत.

फार शहाणा तोडगा. कुणी काढला कोण जाणे. पण ज्यानं काढला, त्यानं एका गोष्टीचा विचार केला नव्हता.

त्या सकाळी बायका धक्क्यावर बार्लीचा गरम चहा घेऊन उभ्या होत्या. शिगेही होती. एकेक होडी धुक्यातून बाहेर येत होती. इवाझो गावाचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, त्याची होडी सगळ्यात मोठी. तो धक्क्यावर उडी मारतानाच ओरडला.

"अरे, माझं ओगराळं गेलं! पुजारीबुवांना म्हणावं, नवीन काढून ठेवा!"

"काय सांगता तांडेल! आलं होतं?"

"आलं होतं म्हणजे? पार कुशीला! इथनं त्या खांबाइतकं."

"दिसलं?"

"धुक्यात काय दिसतंय कप्पाळ! काळं काहीतरी. अर्धं पाण्यात. आमचे खलाशी इंजिनापाशी, त्यांना नुसता आवाज कळला. शब्द मी ऐकले."

इवाझोला नकला करायचा भारी नाद. उत्सवात राजापासून गाढवापर्यंत सगळ्यांचे आवाज तोच काढायचा. त्यानं मान जरा तिरकी केली, आवाज नाकात घेतला.

"तेवढं... एक... ओगराळं द्या की..."

बायका हसल्या. भ्यायल्यावर हसतात तशा.

शिगेही हसली.

"अगबाई, कुणासारखं तरी वाटतंय हो," ती म्हणाली. "कुणासारखं बरं?"

इवाझो हसता हसता थांबला. अगदी क्षणभर. मग त्यानं रिकामा पेला पुढे केला.

"ओता वहिनी अजून थोडा. घसा कोरडा पडलाय."

शिगेनं ओतला. स्वतःच्या हातानं. काठोकाठ.

त्या एका पेल्याचा राग तिनं मरेपर्यंत सांभाळला.

दुपार झाली. सगळ्या होड्या आल्या.

योहेईची आली नाही.

"एक होडी काढा," शिगे म्हणाली. "एकच. टोकापर्यंत जाऊन या."

"दुपार झाली वहिनी," इवाझो म्हणाला. "आता समुद्र त्यांचा."

"माझा नवरा अजून त्यांच्यातला नाहीये!"

"बोनमध्ये होडी काढली तर सगळ्या गावावर येईल."

"येऊ दे की! गावावर येईल म्हणून एक माणूस पाण्यात ठेवायचा?"

कुणी हललं नाही. तिनं स्वतः एका होडीचा दोर सोडायला घेतला, तर चौघांनी तिला धरून घरी नेलं. संध्याकाळी प्रत्येक दारात पितरांना वाट दिसावी म्हणून आग पेटली. शिगेनं पेटवली नाही. शेजारणी सांगायला आल्या, तर त्यांच्या तोंडावर दार लावलं. आग पेटवली असती, तर योहेई मेला असं तिनंच कबूल केल्यासारखं झालं असतं.

पितरांना निरोप देऊन झाला. दिवे पाण्यात सोडून झाले. मग गाव शोधायला निघालं.

फार लांब जावं लागलं नाही.

टोकाच्या खडकांत होडी अडकली होती. तळाची एक फळी निघालेली. कडेपर्यंत पाणी. योहेई आतच होता, कमरेला दोर बांधून बसलेला. त्याची स्वतःची उपसायची बादली आणि बिनबुडाचं ओगराळं, दोन्ही वाहून गेली होती.

त्याच्या हातात इवाझोच्या होडीची खूण असलेलं ओगराळं होतं. बोटं सुटता सुटेनात.

आणि त्या ओगराळ्याला...

बूड होतं.

योहेईनं डोक्याचा पंचा काढून, घड्या घालून त्या भोकात ठासला होता. वरून गळाची दोरी गच्च आवळली होती. निळा पंचा, त्यावर पांढऱ्या लाटा. शिगेनं स्वतः रंगवलेला. गाठही त्याचीच. तशी गाठ ती लग्नापासून त्याच्या शिदोरीवर सोडत आली होती.

गावची माणसं देवळात बसली. आमच्याकडे मोठं काहीही ठरतं ते एबिसूसामासमोर. देव गुबगुबीत, काखेत मासा धरून कायम हसत असतो. कोळ्यांचा आणि खलाशांचा राखणदार. कानांनी मात्र जरा कमी. म्हणून नवस बोलताना देवळाच्या मागच्या फळीवर ठोकायचं असतं, म्हणजे तो ऐकतो.

इवाझो शांतपणे म्हणाला, "मी आवाज ऐकला तेव्हा योहेई गेलेलाच असणार. त्याचंच भूत ते. म्हणून तर ओगराळं त्याच्या हातात सापडलं. हे तर उलट सिद्धच होतंय."

सगळ्या माना हलल्या. हो हो. बरोबर.

"भूत बोळा लावतं होय रे?" शिगे म्हणाली.

अहो-जाहो तिथंच संपलं.

"मेलेला ओगराळं मागतो ते दुसऱ्याची होडी भरायला. माझ्या माणसाला स्वतःची होडी रिकामी करायची होती. तू त्याला भोक दिलंस. त्यानं त्यालाही बूड लावलं. किती वेळ उपसत बसला असेल रे तो?"

शिगे इवाझोसमोर येऊन उभी राहिली.

"आणि तो आवाज. तेवढं मीठ दे की. तेवढी खिडकी लाव की. रोज ऐकलंय मी. तू धक्क्यावर नक्कल केलीस ती भुताची नव्हती, योहेईची होती. म्हणून मी हसले. मला पत्ता लागला नाही, कारण माझा नवरा धुक्यात भीक मागत असेल हे माझ्या मनातच आलं नाही. पण तू? इतकी हुबेहूब नक्कल केलीस, आणि ओळखला नाहीस म्हणतोस?"

इवाझोनं तिच्याकडे बघितलंच नाही. त्यानं बघितलं म्हाताऱ्यांकडे.

"ठीक आहे," तो म्हणाला. "समजा, तो जिवंत होता. मग हात्सु आजी, तुमच्या मालकांनी जन्मभरात किती ओगराळी फेकली? पुजारीबुवा, तुमच्या वडिलांनी? माझ्या बापानं? त्यांना कुणी विचारलं होतं का, बाबा रे, तू मेलेला आहेस का जिवंत? मग ते सगळे कोण होते?"



हिशेबाचा पक्का माणूस. एका दमात त्यानं स्वतःचं पाप गावाच्या नावावर चढवलं. आता शिगेला खरं म्हणायचं, तर प्रत्येकाला आपल्या बापाला खुनी म्हणावं लागणार होतं. कोण म्हणेल?

ठरलं, की ते भूतच होतं. टोकाखालची जागा इवाझोला गेली.

"मला जागा नको," शिगे म्हणाली. "तुमचे भरपाईचे तांदूळ नकोत. यानं फक्त इथं उभं राहून सांगायचं, 'मी ओळखला होता.' मोठ्यानं. एवढंच हवंय मला."

तेवढंच कुणी दिलं नाही.

मग तिनं योहेईच्या हातातलं ते ओगराळं, बोळ्यासकट, देवळाच्या वळचणीला टांगलं. तिथं नवी बिनबुडाची ओगराळी रांगेनं टांगलेली असतात. त्यांच्या बरोबर मधोमध. आणि रोज पहाट फुटली की ती मागच्या फळीवर ठोकायला लागली.

ठक. ठक. ठक.

"बहिऱ्या! ऐकतोस का? हसायला काय झालंय तुला?"

पुजारी धावत यायचे. "शिगेबाई, देवाला असं बोलू नये हो."

"त्या दिवशी तुम्ही काही बोलला होतात का? मग आजही गप्प बसा."

ते गप्प बसायचे. सराव होता.

त्या थंडीत इवाझोच्या जाळ्यात मासा मावेना. त्यानं हंगामातला सगळ्यात मोठा मासा शिगेकडे पाठवून दिला. तिनं तो ठेवून घेतला. चांगला वास सुटेपर्यंत थांबली. मग नेऊन त्याच्या उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि म्हणाली, "तांडेल, तुझा मासा तुलाच ओळखू येतोय का बघ."

हिवाळा गेला. चिठ्ठ्यांचा दिवस आला. पुन्हा जागा इवाझोचीच निघाली. एबिसूसामा हसतच होता.

मग जूनमध्ये पहिलं धुकं आलं.

शिगे नेहमीसारखी देवळामागे गेली.

ठक. ठक. ठक.

ती थांबली. बोलायला तोंड उघडलं...

आणि आतून...

ठक.

ठक.

ठक.

तिला वाटलं, पुजारी. ती पुढे आली. दाराला कुलूप होतं. पुजारी केरसुणी घेऊन आत्ता कुठे पायऱ्या चढून येत होते.

"तुम्ही खाली होतात?" तिनं विचारलं.

"मग कुठं असणार?"

तेवढ्यात दोघांनाही ऐकू आलं.

टप... टप...

पाऊस नव्हता. दव एवढं नसतं.

वळचणीची ओगराळी गळत होती.

पुजाऱ्यांनी हात लावला, बोट जिभेला लावलं. खारट.

सगळी ओगराळी पाण्यानं भरलेली होती. बिनबुडाची ओगराळी.

कारण प्रत्येकाच्या भोकात काहीतरी ठासलेलं होतं.

एकात गवती चपलेचा तुकडा. एकात जाळ्याचा गोळा. एकात सैनिकांच्या पायाला गुंडाळतात ती पट्टी. एकात बाईचे लांब केस, वेणी घालून वेटोळं केलेले.

एकात लहान मुलाचा मोजा.

पुजाऱ्यांच्या हातातली केरसुणी खाली पडली.

गाव जमलं. पहिला शब्द निघाला तो अर्थातच शिगेवर.

"हिचंच काम! हिनंच रात्रीतून केलंय!"

"एवढे केस कुठनं आणू?" शिगे डोक्यावरचं फडकं ओढून ओरडली. "मोजा माझे! आहेत का तेवढे?"

तेवढ्यात हात्सु आजी पुढे आली. गावातली सगळ्यात म्हातारी. तिनं एका ओगराळ्याखाली हात धरला. त्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कमरपट्टा ठासला होता.

"हा माझ्या आईनं विणलाय," ती म्हणाली.

"आजी, असे पट्टे सगळ्यांकडे असतात."

"इथं टाका चुकलाय बघ. बाबा दारू पिऊन आले आणि आई उठली, तेव्हा चुकला. मी समोर बसले होते. माझ्या मोठ्या भावासाठी विणला होता तो. भाऊ धुक्यात गेला, परत आला नाही. मी एवढीशी होते. ही शिगे तेव्हा कुणाच्या पोटातही नव्हती."

ती गर्दीकडे वळली. नव्वदीला टेकलेली बाई, पण आवाज असा आला की लोक मागे सरले.

"माझ्या भावाला भोक कुणी दिलं? कुणाच्या बापानं? का माझ्याच नवऱ्यानं?"

उत्तरं सगळी वळचणीला टांगलेली होती.

मग आजीनंच ठरवलं. बोनच्या पहिल्या दिवशी, सकाळी, देवासमोर, इवाझोनं बोलायचं. तो बोलला की एकेकानं आपापल्या घरचं बोलायचं. ती स्वतः नवऱ्याच्या नावानं बोलणार होती. म्हणजे ज्यांना इतकी वर्षं भूत म्हटलं, त्यांना माणूस म्हणता येईल, आणि त्यांच्या दारात त्यांच्यासाठी आग पेटवता येईल.

आणि नाही बोलला, तर पुढच्या चिठ्ठीत इवाझोचं नाव नाही.

इवाझोनं हिशेब केला. 'धुक्यात चुकलं, ओळखलं नाही' म्हटलं की पाप निम्मं आणि जागा पुरी. तो हो म्हणाला.

तेरा ऑगस्ट.

धुकं.

आदल्या दिवसापासून एकही होडी बाहेर नव्हती. पुजाऱ्यांनी धक्क्यावर जाऊन स्वतः बघून घेतलं होतं. सगळं गाव देवळाच्या अंगणात. अंगणाच्या कठड्याखाली सरळ समुद्र, पण त्या दिवशी खाली नुसतं पांढरं.

इवाझो सणाचे कपडे घालून उभा राहिला. खाकरला.

"योहेईभाऊ त्या दिवशी जिवंत असावा, असं आता वाटतं. धुक्यामुळं..."

"धुकं डोळ्यांना असतं," शिगे म्हणाली. "कानांना काय झालं होतं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"इंजिनाचा आवाज होता. वारा..."

"नक्कल करताना बरा ऐकू आला होता! ओळखला होतास का? हो का नाही?"

इवाझोनं हात्सु आजीकडे बघितलं. वळचणीकडे बघितलं. त्या लहान मोज्याकडे त्याची नजर गेली आणि तिथंच राहिली. त्याचे खांदे उतरले.

मावशी शपथेवर सांगायची, की त्या क्षणी तो खरं बोलणार होता. जन्मात पहिल्यांदा हिशेब न करता.

"मी..." तो म्हणाला. "मी त्याला..."

आणि कठड्याखालून... धुक्यातून...

"तेवढं... एक... ओगराळं द्या की..."

सगळे कठड्याकडे वळले.

मग हळूहळू, एकेक करून, सगळे इवाझोकडे वळले.

कारण तो आवाज योहेईचा नव्हता.

इवाझोचा होता.

तोच घोगरेपणा. तेच शब्दाच्या शेवटी खाकरणं. इवाझो तर समोर उभा होता. तोंड मिटून.

"हात्सु आजी... तेवढं एक द्या की... होडी भरत चाललीय..."

आवाज जवळ आला.

"पुजारीबुवा... शिगेवहिनी... मी आहे... मी इवाझो... जिवंत आहे हो..."

पायांखाली होडीच्या लाकडावर आपटावं तसं पाणी आपटत होतं. आणि गावच्या सगळ्या होड्या तर धक्क्याला होत्या.

सगळ्यांत आधी शिगे हलली. तिनं वळचणीचं योहेईचं ओगराळं ओढून काढलं आणि इवाझोपुढे धरलं.

"हे दे," ती म्हणाली. "बूड असलेलं. भूत असो नाहीतर तू असो. या वेळी बूड असलेलं दे. आणि तोंडानं बोल!"

इवाझोनं तिला ढकललं.

त्यानं रांगेतलं हाताला लागेल ते ओगराळं घेतलं. नखांनी त्यातला बोळा ओरबाडून काढला. तो कमरपट्टा जमिनीवर पडला. आणि ओगराळं त्यानं सगळा जोर लावून धुक्यात भिरकावलं.

तोंड फिरवलं. मागे बघितलं नाही. बापानं शिकवलं होतं तसं.

चुबुक.

आवाज थांबला.

मग खालून लाकूड घासल्याचा आवाज आला. कुणीतरी उपसत होतं. घाईघाईनं... अजून घाईघाईनं...

मग तेही थांबलं.

इवाझोनं कपाळ पुसलं. "झालं," असं त्याला म्हणायचं असावं. ओठ तसे हलले.

आवाज आला नाही.

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा फुगल्या. घोगरा आवाज नाही, कण्हणं नाही, श्वासाची फुंकरसुद्धा नाही.

शिगेनं त्याची गळपट्टी धरली. "बोल! आत्ता बोलत होतास ना? ओळखला होतास म्हण! म्हण की रे!"

तो रडत होता. मान हलवत होता. हो. हो. हो.

शिगेला मानेचं हो नको होतं. मानेनं तर त्या दिवशी सगळं गाव हो म्हणालं होतं.

तिनं त्याला सोडलं, आणि ती लोकांकडे वळली. "त्याचा आवाज गेला. तुम्ही तरी बोला. ठरलं होतं ना? एकेकानं?"

हात्सु आजी खाली वाकून पट्टा उचलत होती. ती एकटीच बोलली. नवऱ्याचं नाव घेतलं, भावाचं नाव घेतलं, आणि ओल्या पट्ट्यात तोंड खुपसून बसली. बाकीचे पायऱ्या उतरायला लागले. तांडेलच बोलला नाही, तर आम्ही कसं बोलायचं? असं म्हणे.

सोय झाली सगळ्यांची.

त्या संध्याकाळी हात्सु आजीनं आपल्या दारात भावासाठी पहिल्यांदा आग पेटवली. शिगेनंही पेटवली. गावात जास्तीच्या आगी एवढ्याच.

इवाझो पुढे खूप वर्षं जगला. मुका. मी लहानपणी त्याला बघितलंय. धुकं पडलं की तो कानांत कापूस घालून, घराची दारं लावून बसायचा. तो मेला तेव्हा मी शाळा सोडली होती. मावशी त्याच्या नंतर गेली. शेवटच्या आजारातही ती उशाच्या भिंतीवर बोटानं ठोकायची. ठक. ठक. ठक.

योहेईचं ओगराळं आता माझ्याकडे आहे. पंचा विटला, गाठ अजून पक्की आहे.

गेल्या बोनला मी ते घेऊन कठड्याशी गेले होते. धुकं होतं. होड्या सगळ्या धक्क्याला.



मग खालून...

"तेवढं... एक..."

इवाझोचा आवाज. मी ओळखते असं कसं म्हणू? मुक्या माणसाचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. पण ओळखला.

आणि त्याच्या मागे, लांबवर, अजून बरेच. बायकांचेही. एक फार बारीक.

मी ओगराळं पुढे धरलं. खरंच धरलं. पण हात उघडेना. मेलेल्याला बूड दिलं तर? जिवंताला दिलं नाही तर? उभीच राहिले. आवाज लांब गेले. मी ते तसंच घरी घेऊन आले. तेव्हापासून ते कोरडं होत नाहीये. रोज पुसते. रोज सकाळी खाली थोडं पाणी असतं.

आता हिशेब पुरा करते.

इवाझोला जागा मिळाली होती. पण जाळं ओढताना हाका घालाव्या लागतात, आणि हाक त्याच्याकडे उरली नव्हती. खलाशी सुटले, जागा गेली. गावानं काही गमावलं नाही. गाव अजूनही होडीत बिनबुडाचंच ठेवतं. एबिसूसामाला दरवर्षी नवी ओगराळी मिळतात, आणि तो अजून हसतो.

योहेईनं जीव मोजला.

इवाझोनं आवाज मोजला, असं लोक म्हणतात. फेडलं म्हणतात त्यानं.

खोटं आहे. त्या आवाजात एक वाक्य होतं, आणि ते माझ्या मावशीचं येणं होतं. तिला दुसरं काही नको होतं.

म्हणजे त्याच्या वाटचंही तिनंच भरलं.